पाकीट अख्खं ठेवायचं : परदेशी टपालाच्या संग्रहाच्या नोंदी

१० जानेवारी

काम सुरू करताना हाताशी काय आहे ते लिहून ठेवते. खोकी भरून परदेशी पत्रमित्रांचं टपाल आहे. सर्वांत जास्त फिनलंड, जपान, ब्रिटन, अमेरिका आणि स्वित्झर्लंडचं, थोडं हंगेरी, ब्राझील, तैवानचं. पाकिटं उभी कोंबलेली, मधूनमधून रबरबँड, काहींना टाचण्या आणि यू-पिना. पिनांना गंज चढलाय आणि त्याचा तपकिरी डाग शेजारच्या पाकिटांतही उतरलाय. रबरबँड वितळून कागदाला चिकटलेत.

आजचं काम एवढंच, धातूचं आणि रबरी जे असेल ते बाहेर काढायचं. गंजलेली पिन ओढली की कागद फाटतो. म्हणून तिच्याखाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवायची आणि मग एकेक पाय उघडायचा. रबरापैकी सुकून ठिसूळ झालेलं तेवढं चिमट्याने उचललं, बाकीचं तसंच सोडलं. गंजाच्या डागावर खोडरबर फिरवून पाहिलं. डाग हलला नाही, कागदाची लव मात्र गेली. डाग राहू द्यावेत.

१३ जानेवारी

बऱ्याच जुन्या पाकिटांना उजव्या कोपऱ्यात चौकोनी खिडकी आहे. तिकिटं कापून पाण्यात भिजवायची आणि वहीत लावायची, अशी तेव्हाची रीत होती. आता नियम ठरला की तिकीट सोडवायचं नाही, पाकीट अख्खं ठेवायचं.

याला व्यावहारिक कारणही आहे. आजकालची बहुतेक तिकिटं मागचा कागद सोलून चिकटवायची असतात आणि गेल्या वीसेक वर्षांतली अमेरिकेची अशी तिकिटं पाण्यात सुटतच नाहीत. कितीही वेळ ठेवा, शेवटी हातात लगदा येतो. पण खरं कारण वेगळं आहे. सुट्या तिकिटावर शिक्क्याचा एक तुकडा उरतो. अख्ख्या पाकिटावर गाव, तारीख, भरलेला दर, हवाई टपालाची निळी चिठ्ठी, यंत्राने मारलेल्या रेघा असं सगळं एकत्र दिसतं. ते तिकीट खरोखर किती वजनाच्या पत्रासाठी आणि कुठे जाण्यासाठी वापरलं गेलं, हे त्यावरूनच सिद्ध होतं. कोरं तिकीट तर कुणालाही विकत मिळतं.

ब्रिटनच्या बाबतीत हे फार लागू आहे. २०२२ पासून तिथल्या रोजच्या वापराच्या तिकिटाला उजवीकडे बारकोडचा तुकडा जोडलेला असतो. मध्ये छिद्रांसारखी दिसणारी रेघ असली तरी दोन्ही मिळून एकच तिकीट. जुनी बिनबारकोडची नेहमीची तिकिटं ३१ जुलै २०२३ नंतर तिथे चालेनाशी झाली. कात्री लावणाऱ्याने नेमका बारकोड टाकून दिलेला असतो.

खिडकीवाली पाकिटं फेकली नाहीत. वेगळ्या गठ्ठ्यात ठेवली, मागच्या बाजूचे शिक्के कामाला येतील.

२४ जानेवारी

पारदर्शक पाऊच आणायचे होते. घरात पूर्वीचे काही होते, मऊ, लवचिक, उघडल्यावर नव्या रेनकोटसारखा वास येणारे. असा वास आला की पीव्हीसी या प्लॅस्टिकचा संशय घ्यावा. पीव्हीसी मऊ करायला त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते हळूहळू बाहेर येतं, कागदात मुरतं, शाई उचलतं. एका पाऊचमधून पाकीट काढताना शिक्क्याची काळी नक्षी प्लॅस्टिकवर उलटी उमटलेली दिसली. तिथेच निर्णय झाला.

खात्री करायची सोपी चाचणी आहे. तांब्याची तार पक्कडीत धरून लाल होईपर्यंत तापवायची, पाऊचच्या कापलेल्या तुकड्याला टेकवायची आणि परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर प्लॅस्टिकमध्ये क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. हे मोकळ्या हवेत करा, धूर वाईट असतो. जुने पाऊच झक्क हिरवे जळले, पॉलिप्रॉपिलीनच्या नमुन्याची ज्योत पिवळीच राहिली. पॉलिस्टर त्याहून कडक आणि स्वच्छ असतं पण महाग पडतं, त्यामुळे ते मोजक्याच पाकिटांना.

लॅमिनेशनचा सल्ला मला एकाहून जास्त जणांनी दिला. करू नका. ते परत सुटत नाही.

१ फेब्रुवारी

पाऊच आले आणि अर्धी पाकिटं त्यात बसेनात. ऑर्डर ११० × २२० मिलिमीटरच्या डीएल आकाराची दिली होती, कारण युरोपातली लांब पाकिटं त्याच मापाची असतात. अमेरिकेचं नेहमीचं व्यावसायिक पाकीट, ज्याला तिथे दहा नंबर म्हणतात, १०५ × २४१ मिलिमीटरचं भरतं. रुंदीला जातं, लांबीला बाहेर येतं. जपानचं उभं लांब पाकीट १२० × २३५, ते तर दोन्हीकडून अडतं. लहान पाकिटांचं युरोपी सी-६ माप ११४ × १६२ आहे.

तेव्हा दोनच मापांचे पाऊच घ्यावेत. लहानांसाठी साधारण १२० × १७० आणि लांब सगळ्यांसाठी १२५ × २५०. थोडं सैल राहिलं तर आत अ‍ॅसिड नसलेला कार्ड सरकवता येतो. घट्ट पाऊचमध्ये पाकीट ढकलताना कोपरे दुमडतात आणि तिकीट नेमकं कोपऱ्यातच असतं. डीएलचे उरलेले पाऊच युरोपच्या टपालाला कामी येतील, तेवढंच समाधान.

१५ फेब्रुवारी

नोंदवही सुरू केली. रकाने असे: क्रमांक, देश, शिक्क्यावरचं गाव, शिक्क्याची तारीख, हातात पडल्याची तारीख, तिकिटांची एकूण किंमत, वजन, चिठ्ठ्या आणि शेरा.

देश ओळखताना काही तिकिटांशी थांबावं लागतं. स्वित्झर्लंडच्या तिकिटावर हेल्वेशिया, हंगेरीच्या तिकिटावर मॅग्यारोर्साग, क्रोएशियाच्या तिकिटावर ह्रवात्स्का. जपानने १९६६ पासून निप्पॉन रोमन लिपीत छापायला सुरुवात केली, त्याआधीच्या तिकिटांवर ते नसतं. ज्यावर कुठल्याच देशाचं नाव नाही, फक्त राजा किंवा राणीचं डोकं आहे, ते ब्रिटनचं. टपालतिकीट तिथूनच सुरू झालं, १८४० मध्ये, आणि ती सवलत त्यांच्याकडे राहिली.

खरा वेळ गेला तारखांत. जपानच्या एका शिक्क्यावर ८.२.५ आहे. मी आठ फेब्रुवारी लिहून पुढे गेले, पण आतल्या पत्रावरची तारीख जुळेना. जपानी लिपीतल्या शिक्क्यावर वर्ष आधी येतं आणि तेही सम्राटाच्या कारकिर्दीचं. आताच्या कारकिर्दीचं नाव रेइवा. रेइवा १ म्हणजे २०१९, म्हणून रेइवा ८ म्हणजे २०२६. तारीख झाली ५ फेब्रुवारी २०२६. जपानहून येणाऱ्या टपालावर रोमन लिपीतला शिक्काही असतो, त्यावर इसवी सन मिळतो. दोन्ही प्रकार मिसळलेले असल्यामुळे जपानची पाकिटं पुन्हा पहिल्यापासून तपासावी लागली.

तैवानच्या शिक्क्यावर १९१२ पासून मोजलेलं वर्ष सापडतं. त्यात १९११ मिळवले की झालं, ११५ म्हणजे २०२६. अमेरिकेत महिना आधी, दिवस नंतर. त्यामुळे वहीत आता महिना अक्षरांतच लिहिते.

पोचल्याची तारीख त्याच दिवशी टिपायची. पूर्वी पोचलेल्या गावाचा शिक्का मागे मारत, आता साध्या पत्रावर तो क्वचितच दिसतो. म्हणजे तो दिवस पाकिटावर कुठेच नसतो. मी पाकिटावर काहीच लिहीत नाही. पेन्सिलीने वेगळ्या चिटोऱ्यावर लिहून तो पाऊचमध्ये मागे सरकवते.

२ मार्च

आजवर आलं ते जमवलं. आता पुढचं चांगलं यावं म्हणून पत्रमित्रांना विनंतीपत्र लिहिलं. मजकूर थोडक्यात असा: तिकिटं कडेपासून थोडी आत लावा. होता होईल तो टपालाच्या खिडकीवर जाऊन हातशिक्का मारून घ्या. पाकीट गोंदाने बंद करा, चिकटपट्टी नको, ती पिवळी पडते आणि डाग सोडते. दर जेवढा असेल तेवढीच तिकिटं लावा. या शेवटच्या मुद्द्यावर मित्रांना आश्चर्य वाटलं. प्रेमापोटी सगळं पाकीट तिकिटांनी मढवून पाठवणारे बरेच असतात, दिसायलाही ते सुंदर दिसतं. पण त्यावरून त्या दिवशीचा दर कळत नाही. एकच साधं तिकीट आणि बरोबर दर असलेलं पाकीट मला जास्त हवं असतं.

आत एक कार्ड घाला असंही लिहिलं, शिक्का सपाट उमटतो. मग वजनाचा हिशेब केला आणि बरं झालं केला. ए-४ चा ८० ग्रॅमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम) कागद बरोबर ५ ग्रॅम भरतो. दोन पानी पत्र १० ग्रॅम. सी-६ पाकीट चार-साडेचार. त्या मापाचं ३०० ग्रॅमचं कार्ड साडेपाच. झाले २० ग्रॅम, आणि पुष्कळ देशांत परदेशी पत्राची पहिली पायरी २० ग्रॅमलाच संपते. वर एखादी शोभेची चकती चिकटवली तर दर पुढच्या पायरीवर. म्हणून कार्ड २०० ग्रॅमचं सुचवलं, ते पावणेचार ग्रॅम भरतं आणि तेवढं पुरतं. शिवाय फार ताठ पाकीट छाननीच्या यंत्रात वळत नाही, अमेरिकेत त्याला जादा शुल्क पडतं.

२१ मार्च

पहिली उत्तरं आली. फळ मिश्र.

एका पाकिटावर सुरेख गोल हातशिक्का, गाव आणि तारीख दोन्ही वाचता येतात. दुसऱ्यावर शिक्का अजिबात नाही, तिकीट कोरंच येऊन पोचलंय. असं तिकीट सोडवून पुन्हा वापरायचा मोह काहींना होतो. तो गुन्हा आहे, आणि संग्रहातही असं पाकीट जसं आलं तसंच ठेवावं, नोंदीत "शिक्का नाही" लिहावं. तिसऱ्यावर वाटेत कुणीतरी बॉलपेनने फरकाटा मारलाय. सुरुवातीला राग आला, पण पेनाने रद्द केलेलं तिकीट हीसुद्धा त्या प्रवासातलीच घटना आहे, म्हणून तेही ठेवलं.

वाईट वाटलं ते चौथ्याचं. मित्राने पत्राबरोबर धातूचा छोटा बिल्ला पाठवला. आत वस्तू आली की ते निव्वळ पत्र राहत नाही, जकातीचं सीएन २२ लेबल लागतं, आणि २०२१ पासून वस्तूंची माहिती आगाऊ संगणकावर भरावी लागते. खिडकीवरून छापून निघालेलं ते मोठं पांढरं लेबल थेट तिकिटांवरच चिकटवलंय. शिवाय बिल्ल्याचा उंचवटा यंत्रात घासून पाकिटाला आरपार भोक. लेबल सोलायचा प्रयत्न केलेला नाही, करणारही नाही. विनंतीपत्रात ओळ वाढवली: आत फक्त कागद.

५ एप्रिल

पाकीट उघडायची पद्धत आता ठरली आहे. बोट घालून झाकण फाडलं की मागचे शिक्के जातात. वरची कड सुरीने कापली तर सुरी तिकिटाच्या दात्यांच्या अगदी जवळून जाते. म्हणून पाकीट उभं धरून आतला कागद उजवीकडे आपटून घ्यायचा आणि डाव्या आखूड बाजूची जेमतेम एक मिलिमीटरची कड धारदार पात्याने, पट्टी लावून कापायची. पुढची बाजू पूर्ण राहते, झाकणही राहतं. पातं बोथट असेल तर कागद सुरकुततो, एवढंच सांभाळायचं.

वाफेवर झाकण उघडायचा प्रकार मात्र बंद. कागद लाटेसारखा होतो, यंत्राने फवारलेली शाई पसरते.

२६ एप्रिल

रजिस्टर पत्रांचा गठ्ठा घेतला. प्रत्येकावर बारकोडची चिठ्ठी असते आणि तिच्यावर तेरा चिन्हं. सुरुवातीला दोन अक्षरं, त्यातलं पहिलं आर, मग नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरं. हे स्वरूप सगळीकडे सारखं आहे. बर्नच्या जागतिक टपाल संघटनेने ते घालून दिलंय.

एका चिठ्ठीवर शिक्क्याची शाई सांडून चौथा अंक पूर्ण काळा झालाय आणि बारकोडही वाचला जात नाही. पण नववा अंक हा आधीच्या आठांवरून काढलेला असतो, त्यामुळे उलटा हिशेब करता येतो. आठ अंकांचे गुणक ठरलेले आहेत: ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७. गुणाकारांच्या बेरजेला ११ ने भागायचं आणि उरलेली बाकी ११ मधून वजा केली की नववा अंक मिळतो. माझ्या चिठ्ठीवर २, ०, ५, काळा डाग, ७, १, ६, ४ आणि नववा ४. गुणाकार १६, ०, २०, २१, ५, ५४, २८, बेरीज १४४. ११ मधून नववा अंक वजा केला की ७, म्हणजे एकूण बेरजेला ११ ने भागून ७ उरायला हवेत. १४४ ला भागून १ उरतो. चौथ्या अंकाचा गुणक २, तेव्हा त्याच्या दुपटीने ६ ची भर पडायला हवी. अंक ३. नोंद झाली, आणि तो "हिशेबाने काढलेला" हा शेराही लिहिला.

एक अडचण आहे. बाकी शून्य उरली तर नववा अंक ५ धरतात, आणि बाकी ६ उरली तरी ५ च येतो. नववा अंक ५ असेल तर दोन उत्तरं निघू शकतात, तिथे अंदाज लिहू नये.

१७ मे

खिडकीवर छापून मिळणारी दराची लेबलं फिकी पडताहेत. यातली बरीच उष्णतेने काळ्या होणाऱ्या कागदावरची असतात. ऊन, ऊब, मऊ प्लॅस्टिक यातल्या कशानेही अक्षरं उडतात. जुन्या पीव्हीसी पाऊचमध्ये राहिलेल्या काही लेबलांवर आता रक्कमच नाही, पांढरा चौकोन उरलाय. ते परत आणता येत नाही.

म्हणून क्रम बदलला. पाकीट आलं की आधी स्कॅन, मग बाकी सगळं. ६०० डीपीआय, पुढची आणि मागची दोन्ही बाजू. मागची बाजू सोडू नये, अमेरिकेच्या पाकिटांच्या मागे यंत्राने मारलेल्या फिक्या नारिंगी रेघा असतात, त्या डोळ्यांना जेमतेम दिसतात. स्कॅन कुणाला दाखवायचं झालं तर पाठवणाऱ्याचा आणि माझा पत्ता झाकलेली वेगळी प्रत ठेवते. मूळ स्कॅनला हात लावत नाही.

चिकट तिकिटांचा गोंद कडेने किंचित बाहेर येतो आणि शेजारचं पाकीट धरून ठेवतो. मऊ ब्रशने कडेला नावापुरती टाल्कम पावडर लावली की चिकटपणा मरतो. हात जड झाला तर तिकिटावर पांढरट थर बसतो.

७ जून

कमी तिकिटं लागलेलं एक पाकीट आलं, आकार भरून सोडवून घेतलं. पुढे दर कमी पडल्याची खूण म्हणून टी अक्षराचा शिक्का आणि बाजूला अपूर्णांक हाताने लिहिलेला. आताच्या पद्धतीत वरचा अंक म्हणजे मूळ देशात कमी पडलेली रक्कम, खालचा म्हणजे त्या देशाचा परदेशी पत्राचा पायाभूत दर. पोचणारा देश हा अपूर्णांक आपल्या दराने गुणतो आणि वर हाताळणीचा आकार लावतो. चलनं वेगळी असूनही हिशेब बसतो. पैसे गेले, पण असं पाकीट मुद्दाम मागवून मिळत नाही. मित्राला मात्र कळवलं नाही, तो ओशाळला असता.

खर्चाचं म्हणाल तर पाऊच, कार्ड, वही हे किरकोळ निघालं. मोठा वाटा माझ्या उत्तरांच्या टपालाचा आहे. समोरच्याचा भार हलका करायला आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन पाठवायची कल्पना होती. १९०६ च्या रोमच्या टपाल परिषदेत हे कूपन ठरलं. ते दुसऱ्या देशात दिलं की परदेशी पत्रापुरती तिकिटं मिळतात. १९२० मध्ये बॉस्टनमध्ये चार्ल्स पाँझीने याच कूपनांतल्या नफ्याची थाप मारून लोकांना बुडवलं. आता ब्रिटनने २०११ अखेर आणि अमेरिकेने २०१३ च्या सुरुवातीला विक्री बंद केली आहे. कूपनवर मुदत छापलेली असते, ती वाचल्याशिवाय घेऊ नये. मी बेत सोडला. त्याऐवजी एकदा त्याने, एकदा मी, असं साधं आलटून-पालटून चालू आहे.

२८ जून

मांडणी दुसऱ्यांदा केली. पहिल्यांदा देशवार लावली होती आणि ती तिकिटांच्या वहीसारखीच दिसायला लागली. चित्रं छान, पण एका पाकिटाचा दुसऱ्याशी संबंध नाही. आता माणसागणिक लावली आहेत, प्रत्येकाची पत्रं तारखेच्या क्रमाने. लगेच फरक दिसला. स्वित्झर्लंडच्या मित्राचं वजन दरवेळी जवळपास सारखं असतं, त्यामुळे दर कधी वाढला ते ओळीने दिसतं: आधी एक तिकीट, मग त्याच्या शेजारी भरतीचं छोटं तिकीट, मग नव्या किमतीचं एकच. अमेरिकेच्या मैत्रिणीकडून २०१३ नंतर गोल ग्लोबल फॉरेव्हर तिकिटं येतात, त्यांवर किंमतच नसते. तिथे त्या तारखेचा दर शोधून चिटोऱ्यावर लिहावा लागतो. अजून बरेच शोधायचे आहेत.

डेन्मार्कची पाकिटं मोजकीच आहेत, पण तिथे १६२४ पासून चालत आलेल्या सरकारी टपालाने २०२५ च्या अखेरीस पत्रवाटप थांबवलं. पत्रं आता खाजगी सेवेने जातात. डिसेंबरमधलं एक पाकीट माझ्याकडे आहे. साधं, यंत्राचा शिक्का, तोही अर्धवट. ते पॉलिस्टरच्या पाऊचमध्ये गेलं.

१२ जुलै

शिल्लक कामं. खिडकीवाल्या पाकिटांच्या मागच्या बाजू स्कॅन करायच्या आहेत. ब्राझीलच्या गठ्ठ्यावर तपकिरी ठिपके दिसताहेत, तो बाकीच्यांपासून वेगळा ठेवला आणि खोक्यात आर्द्रतामापक टाकला. काटा पन्नाशीच्या आसपास राहायला हवा, सध्या साठच्या वर आहे. सिलिका जेलच्या पुड्या वाढवल्या. पाकिटांना टेकू नयेत म्हणून त्या झाकणाच्या आतल्या बाजूला कापडी पिशवीत अडकवल्या आहेत. हंगेरीच्या मित्राला तीच विनंती पुन्हा पाठवली आहे, पण त्याच्या ताज्या पाकिटाच्या झाकणावरही चिकटपट्टी आहेच.